पाणी जास्त झालं की ऑर्किड मरतं, मग त्याला पाण्याच्या कुंडीत का वाढवतात?

दिवाळीत किंवा वाढदिवसाला कुणीतरी ऑर्किड भेट देतं. जांभळी-पांढरी, फुलपाखरासारखी फुलं, चकचकीत कुंडी, वर रिबिन. पहिले दोन महिने घरात येणारा प्रत्येकजण त्याच्याकडे बघतो, स्टेटसवर फोटो जातो. मग फुलं गळतात. पानं मऊ पडतात, सुरकुततात. झाड तहानलेलं दिसतं म्हणून घरातलं कुणीतरी रोज पाणी घालायला लागतं आणि महिनाभरात झाड मुळापासून हलायला लागतं. उपटून पाहिलं तर खाली मुळं नसतातच, तपकिरी, पोकळ दोरे तेवढे उरलेले असतात.

"आमच्या हाताला ऑर्किड लागत नाही," असं म्हणून विषय संपतो. खरं तर दोष हाताचा नसतो. ते झाड तहानेने मेलेलं नसतं, गुदमरून मेलेलं असतं. मुळं कुजल्यामुळे त्याला पाणी पिता येत नव्हतं, म्हणून पानं सुरकुतली होती. आणि पानं सुरकुतली म्हणून आणखी पाणी घातलं गेलं.

अशा वेळी कुणी सांगितलं की ऑर्किड मातीच्या गोळ्यांमध्ये, तळाशी कायम पाणी असलेल्या भांड्यात लावा, तर सल्ला वेडगळ वाटेल. पण जगभरातले अनेक हौशी लोक नेमकं हेच करतात. या पद्धतीला सेमी-हायड्रोपोनिक्स म्हणतात. ती का चालते हे कळलं की ऑर्किड का मरतं हेही आपोआप कळतं.

झाडावर राहणाऱ्याला मातीत पुरलं तर

भेट म्हणून मिळणारं ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. पतंगासारख्या दिसणाऱ्या फुलांवरून हे नाव पडलं. त्याचे पूर्वज फिलिपिन्स, तैवान, इंडोनेशिया या भागांतल्या जंगलांमध्ये झाडांच्या खोडांवर वाढतात. ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषतं, ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. आपल्या सह्याद्रीतही हे दृश्य आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आंब्या-जांभळाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी अशीच, मातीशी संबंध न ठेवता जगते. (हीच आसाममध्ये बिहूच्या सणात बायका केसांत माळतात.)

अशा झाडाची मुळं हवेत उघडी असतात. पाऊस आला की चिंब होतात, थोड्या वेळाने वाऱ्याने सुकतात. त्यासाठी मुळांवर मृत पेशींचा, स्पंजसारखा पांढरट थर असतो. त्याला वेलामेन म्हणतात. पाणी लागताच हा थर ते भराभर शोषून घेतो आणि पारदर्शक होतो, मग आतला हिरवा रंग दिसतो. म्हणूनच कोरडं मूळ चंदेरी दिसतं आणि ओलं मूळ हिरवं. ऑर्किडला पाणी हवंय की नाही हे सांगणारी याहून सोपी खूण नाही.

या मुळांना ओलावा चालतो, अगदी भरपूर चालतो. हवा बंद झालेली मात्र चालत नाही. मूळसुद्धा श्वास घेतं, त्याला ऑक्सिजन लागतो. मातीच्या बारीक कणांमध्ये पाणी भरलं की हवेला जागा उरत नाही, मूळ मरतं आणि मेलेल्या मुळावर बुरशी व जीवाणू ताबा घेतात.

ही चूक जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. जहाजं भरभरून झाडं यायची आणि बंद, दमट, तापलेल्या काचघरांत ढिगाने मरायची. उष्ण देशातली म्हणजे त्यांना कोंदट उकाडा लागणार, अशी समजूत होती. १८३०च्या दशकात चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात मोकळी हवा खेळवायला सुरुवात केली आणि झाडं जगू लागली. त्यांचाच एक माळी, जॉन गिब्सन, १८३५ साली ऑर्किड गोळा करायला भारताकडे निघाला आणि खासी टेकड्यांमधून बरीच झाडं घेऊन गेला. म्हणजे ऑर्किडला हवा लागते हे माहीत होऊन जवळपास दोनशे वर्षं झाली. तरी आजही दुकानातली झाडं तळाला भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत विकली जातात!

मग पाण्याची कुंडी कशी चालते?

पारंपरिक पद्धतीत ऑर्किड झाडाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, नारळाचं सोडण किंवा विटांचे तुकडे यांत लावतात. उत्तम पद्धत आहे. अडचण एवढीच की साल आणि सोडण हळूहळू कुजतं. दीड-दोन वर्षांत त्याचा भुगा होतो, फटी बुजतात आणि हवा बंद होते. वरून सगळं ठीक दिसतं. शिवाय पाणी कधी घालायचं याचा अंदाज कुंडीगणिक आणि ऋतूगणिक बदलतो.

सेमी-हायड्रोपोनिक्समध्ये कुजणारी वस्तूच ठेवत नाहीत. तिथे असतात लेका बॉल्स, म्हणजे भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या मातीच्या गोळ्या. भाजताना माती आतून फुगते, चुरमुऱ्यासारखी हलकी आणि सच्छिद्र होते. बांधकामवाल्यांना हा माल नवा नाही, हलका भराव म्हणून तो इमारतीतही वापरतात. नर्सरीत आणि ऑनलाइन तो 'क्ले बॉल्स' किंवा 'लेका' म्हणून मिळतो.

या गोळ्या भांड्यात भरायच्या. भांड्याच्या तळाला नव्हे, तर तळापासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटर वर, बाजूला दोन छोटी भोकं पाडायची. वरून पाणी ओतलं की जास्तीचं पाणी या भोकांतून निघून जातं आणि त्याखालचं पाणी तळात साठून राहतं. तेवढाच साठा. तळाच्या गोळ्या ते पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढतात. एका गोळीकडून दुसरीकडे, असा ओलावा चढत जातो. पण गोळ्या मोठ्या आणि गोल असल्यामुळे त्यांच्यामधल्या फटी मोकळ्याच राहतात. म्हणजे मुळाला एकाच वेळी ओली गोळी आणि खेळती हवा, दोन्ही मिळतं. जंगलातल्या पावसाळी फांदीवर जे असतं ते हेच.

माती वगळून पाण्यात झाडं वाढवण्याला 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ विल्यम गेरिक यांनी १९३७ साली रूढ केला. युरोपातल्या ऑफिसांमध्ये भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत शोभेची झाडं लावायची पद्धतही बरीच जुनी आहे. घरगुती ऑर्किडसाठी साध्या भांड्याला भोकं पाडण्याची ही युक्ती अमेरिकेतले ऑर्किडउत्पादक रे बार्कालो यांच्यामुळे लोकप्रिय झाली. 'सेमी' एवढ्यासाठी की इथे पंप नाही, वीज नाही, मुळं पाण्यात पूर्ण बुडलेलीही नाहीत.

करायचं कसं?

भांडं म्हणून श्रीखंडाचा डबा किंवा ड्रायफ्रूटची पारदर्शक प्लास्टिकची बरणी चालते. उंची साधारण १२ ते १५ सेंटिमीटर. फार उंच भांडं घेतलं तर वरच्या गोळ्यांपर्यंत ओलावा पोचत नाही. भोकं तापवलेल्या सळईने पाडता येतात. दोन्ही भोकं एकाच बाजूला, जवळजवळ पाडावीत, म्हणजे बेसिनकडे तोंड करून पाणी काढता येतं.

गोळ्या आधी तीन-चार पाण्यांनी धुवाव्यात. त्यांच्यावरची लाल धूळ गाळ बनून तळात बसते. हे धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नये, पाइप तुंबतो. धुतल्यावर एक दिवस स्वच्छ पाण्यात भिजत ठेवाव्यात. कोरड्या गोळ्या वापरल्या तर त्या मुळांचंच पाणी ओढून घेतात.

मग झाड जुन्या कुंडीतून काढायचं. दुकानातल्या झाडाच्या बुंध्याखाली, अगदी मधोमध, ओल्या मॉसचा एक घट्ट गोळा दडलेला असतो. रोप लहान असताना तो वापरलेला असतो. वरून सगळं कोरडं दिसलं तरी हा गोळा आठवडाभर ओलाच राहतो, आणि बहुतेक कुज तिथूनच सुरू होते. कोमट पाण्यात झाड बुडवून तो हळूहळू, बोटांनी सोडवायचा. कितीही वेळ लागला तरी सगळा काढायचा. मॉसचा तुकडा लेकाच्या गोळ्यांमध्ये राहिला तर तो कायमचा ओला राहणार.

जी मुळं दाबल्यावर कडक लागतात ती ठेवायची, रंग कसाही असो. जी दाबल्यावर पिचतात, ज्यांचं साल मोज्यासारखं ओढून निघतं, ती कापायची. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करून घ्यावी, कारण ऑर्किडचे विषाणू एका झाडाकडून दुसऱ्याकडे कात्रीवरूनच जातात. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायचा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. दालचिनी कापलेली जागा सुकवते हे खरं, पण ती चांगल्या मुळांनाही तशीच सुकवते. त्यामुळे मुळांवर ती भुरभुरू नये.

झाड भांड्यात धरून भोवती गोळ्या सोडायच्या, भांडं हलकेच आपटून त्या बसवायच्या. बुंधा गोळ्यांच्या वर राहिला पाहिजे. सुरुवातीला जुनी मुळं तळातल्या साठ्यात बुडणार नाहीत एवढी उंच ठेवलेली बरी. झाड डुगडुगत असेल तर काडी लावून बांधावं. हलत्या झाडाची नव्या मुळांची कोवळी टोकं गोळ्यांवर घासून तुटतात.

पहिले तीन महिने

बहुतेक लोक इथेच हार मानतात, कारण त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. सालीच्या तुकड्यांत वाढलेली मुळं त्या कोरड्या-ओल्या वातावरणाला सरावलेली असतात. नव्या कायम ओल्या जागेत त्यातली काही मरतात. एखादं खालचं पान पिवळं पडतं. झाड लावल्यावर पाच-सहा आठवड्यांनी ते आधीपेक्षा वाईट दिसू शकतं. खरा हिशेब नव्या मुळांवर असतो. जी मुळं या गोळ्यांमध्येच जन्माला येतात, ती पहिल्यापासून तिथल्या ओलाव्याला तयार असतात. पुढे ती खुशाल तळातल्या पाण्यातही उतरतात आणि त्यांना काही होत नाही.

म्हणून बदली करायचा मुहूर्त महत्त्वाचा. बुंध्याजवळ नव्या मुळांची हिरवी किंवा लालसर टोकं बाहेर डोकावू लागली की ती वेळ. महाराष्ट्रात हे साधारण थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चपासून पुढे पावसाळ्यापर्यंत होतं. झाड फुलावर असताना किंवा डिसेंबरच्या थंडीत ते हलवू नये. आणि ज्या झाडाची सगळी मुळं आधीच कुजली आहेत ते या पद्धतीने वाचेलच असं समजू नये. काही वाचतात, काही नाही.

थंडीबद्दल आणखी एक बाब. ओल्या गोळ्यांमधून पाणी सतत उडत असतं, त्यामुळे माठातल्या पाण्यासारखी मुळांची जागा खोलीपेक्षा थंड राहते. मुंबईच्या मे महिन्यात हे वरदानच. नाशिक-पुण्याच्या जानेवारीत, रात्री पारा १०-१२ अंशांवर आला की मात्र उघड्या बाल्कनीतलं झाड गारठतं. तेव्हा ते घरात, खिडकीच्या आत घ्यावं.

पाणी कोणतं, खत कोणतं?

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. लेकाच्या गोळ्यांमध्ये झाडाला खायला काहीही नाही. जे द्यायचं ते पाण्यातून. आणि जे पाण्यातून जातं त्यातलं न वापरलेलं मीठ मागे राहतं. पाणी वर चढतं, उडून जातं, क्षार वरच्या गोळ्यांवर पांढऱ्या थरासारखे साचतात. बादलीला आणि नळाला पांढरे डाग धरतात तेच हे. ते वाढले की मुळांची टोकं जळतात.

मुंबईत पालिकेचं तलावांचं पाणी सौम्य आहे, चालून जातं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर विचार करायला हवा. घरात टीडीएस मीटर असेल तर मोजून बघा, आकडा दोनशेच्या आत असला तर काळजी नाही, तीनशे-चारशेच्या वर असेल तर पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरलेलं चांगलं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. ते कढीपत्त्याला घाला, जास्वंदीला घाला, पण ऑर्किडला नको. पाण्यातले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

खत म्हणून शेतीच्या दुकानात मिळणारं पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ चालतं, पण प्रमाण शेतीचं नको. १० लिटरच्या बादलीला ५ ग्रॅम पुरे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं. शुद्ध पाणी वापरत असाल तर ते वेगळं द्यावं लागतं: एका वेळी कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्या वेळी थोडं मॅग्नेशियम सल्फेट, तसंच अगदी कमी प्रमाणात. ही खतं एकत्र कालवू नयेत. ठिबकवर द्राक्ष-डाळिंब घेणाऱ्या कुणालाही विचारा, कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेटच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एकाच टाकीत गेलं की साका बसतो, आणि झाडाला दोन्ही मिळत नाही.

तांदूळ धुतलेलं पाणी, केळीच्या सालींचा अर्क, उरलेला चहा, ताक हे सगळं इथे बंद. मातीत ते कुजवणारे जीव असतात. इथे ते तळातल्या पाण्यात नासतं आणि कुंडीला वास सुटतो.

पाणी देण्याची पद्धत सोपी आहे. भांडं बेसिनमध्ये ठेवून वरून काठोकाठ पाणी ओतायचं, ते भोकांतून वाहून जाऊ द्यायचं, मग पुन्हा एकदा. जुनं क्षाराचं पाणी निघून जातं आणि पाणी उतरताना फटींमध्ये ताजी हवा ओढली जाते. पाणी पानांच्या बेचक्यात साठलं तर कापसाने टिपून घ्यायचं, तिथे साठलेल्या पाण्याने झाडाचा शेंडाच कुजतो. महिन्यातून एकदा बिनखताच्या पाण्याने असंच धुवून काढायचं. एरवी आठवड्यातून एकदा पुरतं.

साठलेलं पाणी म्हटलं की डेंग्यूची भीती आलीच, आणि ती रास्त आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याला पाणी पूर्ण बदललं तर ती साखळी तुटते. खरा धोका कुंडीखाली ठेवलेल्या ताटलीतल्या आणि शोभेच्या बाहेरच्या कुंडीतल्या उघड्या पाण्याचा असतो. पावसाळ्यात ते रोज उपडं करा.

सगळ्यांसाठी नाही

ही पद्धत म्हणजे जादू नाही आणि प्रत्येक ऑर्किडला लागूही पडत नाही. फॅलेनॉप्सिस, ऑन्सिडियम आणि सदाहरित डेंड्रोबियम इथे छान रुळतात. व्हँडाची लांब मुळं मात्र टोपलीतून मोकळी लोंबू द्यावीत, त्यांना गोळ्यांत कोंबण्यात अर्थ नाही. थंडीत पानं गाळून विश्रांती घेणाऱ्या जातींना ते तीन महिने कोरडे हवे असतात, कायम ओली कुंडी त्यांना मारते. सह्याद्रीतली अनेक ऑर्किड अशीच आहेत. तशीही ती जंगलातून आणायची नसतातच. रानातल्या ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने निर्बंध आहेत, आणि फांदीवरून ओरबाडलेलं झाड फ्लॅटमध्ये फार काळ टिकतही नाही.

कोकणात आणि गोव्यात, अंगणात नारळाची-आंब्याची झाडं असतील, तर फांदीला सोडणासकट बांधलेलं ऑर्किड कोणत्याही डब्यापेक्षा बरं. लेकाचा खरा उपयोग शहरातल्या बंद घरात होतो, जिथे एसीची कोरडी हवा आहे आणि पाणी घालायचं विसरणारी किंवा उलट फार प्रेमाने रोज घालणारी माणसं आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना या कुंडीत जास्त पाणी घालताच येत नाही, भोकं ते होऊ देत नाहीत.

राहिला फुलांचा प्रश्न. उन्हाची तिरीप आणि तेजस्वी उजेड हवा, दुपारचं थेट ऊन नको. पानं गर्द काळपट हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय. पोपटी हिरवी हवीत. आणि फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा टाकायला काही आठवडे गारवा लागतो, तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर ते पानंच काढत बसतं. म्हणून मुंबई-ठाण्यात वर्षभर रुसलेलं झाड थंडी पडल्यावर दांडा टाकतं. ऑक्टोबरात फूल नाही म्हणून खतं बदलत बसू नये.

डिसेंबर-जानेवारीत पानाच्या बेचक्यातून काहीतरी हिरवं डोकावलं की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: मूळ की दांडा? मुळाचं टोक गुळगुळीत, गोल आणि चमकदार असतं आणि ते बहुधा खाली वळतं. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, बिनबोटांच्या हातमोज्यासारखं दिसतं आणि ते उजेडाकडे वर जातं. दांडा असेल तर कळ्या उघडेपर्यंत कुंडी फिरवू नका, नाहीतर तो उजेड शोधत वाकडातिकडा वाढतो.